तीन पंचांची वाटणी

“मीठ म्हणजे मी,” मी म्हणालो. “लोणच्याची बरणी म्हणजे थोरवडे. आणि हा साखरेचा डबा म्हणजे तुम्ही.”

मुजावर बाईंनी डबा उचलून हलवून बघितला. “रिकामा आहे, सर.”

“म्हणूनच.”

आतून बायको म्हणाली, “वाण्याकडं जाल तेव्हा आणा. परवापासून सांगतेय.”

जेवणाच्या टेबलावर मी खडूनं अर्धं बास्केटबॉलचं मैदान आखलं होतं. फूटपट्टी लावून, मापात. मी तेव्हा कराडला सरकारी मोजणीदार होतो. भावाभावांच्या जमिनी मोजून हद्दीचे दगड बसवायचे हे माझं काम, आणि शनिवार-रविवारी बास्केटबॉलच्या सामन्यांत पंचगिरी हा माझा शौक. वाकडी रेघ दिसली की माझं डोकं दुखायला लागतं, मग ती बांधावर असो की टेबलावर.

“तर बघा. लीड म्हणजे मी. बास्केटच्या खाली, शेवटच्या रेषेवर. ट्रेल म्हणजे आपला दुसरा पंच थोरवडे, तो मागं, मध्यरेषेकडं. आणि सेंटर म्हणजे तुम्ही. आमच्या समोरच्या बाजूला, कडेच्या रेषेवर, एकट्या. मैदानाचे तीन हिस्से. एकेकाला एकेक.”

“आणि चेंडू?”

“चेंडूचं तुम्हाला काय करायचंय?”

बाईंनी वहीत ते लिहून घेतलं. नसीम मुजावर, वय चौतीस, मुलींच्या शाळेत पीटीच्या बाई. उंच, आवाज खणखणीत, आणि हसायचं असलं तर आधी हसून मग बोलणार. त्यांना राज्याच्या पंचांचा बिल्ला हवा होता. त्यासाठी निरीक्षकासमोर सामना करून दाखवावा लागतो. त्या दोनदा बसल्या आणि दोनदा नापास झाल्या. दोन्ही वेळा कारण एकच लिहून आलं होतं: सोबतच्या पंचाच्या हद्दीत शिट्टी मारतात. खरं होतं ते. बाईंना सगळं दिसायचं. मैदानाच्या त्या टोकाला कुणी कुणाचा शर्ट ओढला तर ह्या टोकाहून शिट्टी. जोडीदार बिचारा शिट्टी तोंडात धरून उभा.

जूनमध्ये त्या पस्तीस पूर्ण करणार होत्या आणि पस्तिशीनंतर नवा बिल्ला देत नसत. म्हणजे फेब्रुवारीतली आमची जिल्हा स्पर्धा ही शेवटची संधी. त्यातून त्या वर्षी आमच्या जिल्ह्यात पहिल्यांदाच दोनाऐवजी तीन पंच उभे राहणार होते. तसं करा म्हणून संघटनेला सात महिन्यांत नऊ पत्रं मी लिहिली होती. लोक म्हणाले, पिसाळ ह्या वयातही नवं शिकायला बघतोय, कौतुक आहे. तिसरा पंच म्हणून मी मुजावर बाईंचं नाव दिलं तेव्हाही लोक म्हणाले, दोनदा नापास झालेल्या बाईला हात देतोय, मन मोठं आहे. कौतुक कोण नाकारतं?

“दुसऱ्याच्या हद्दीत काय झालं ते तुम्हाला दिसलं,” मी मीठदाणी ठोकून म्हणालो, “तरी काय?”

“तरी दिसलं नाही.”

“परत.”

“दिसलं तरी दिसलं नाही, सर.”

“शाब्बास,” म्हणून मी हात पसरला, आणि पाण्याचा पेला आडवा झाला. पाणी थोरवडेच्या हिश्श्यातून वाहत मध्यरेषेपर्यंत गेलं. टेबलावर काम चाललं असताना पेले ठेवू नकोस म्हणून बायकोला कितीदा सांगितलंय, असं मी जरा चढ्या आवाजात म्हणालो. बाईंनी फडकं आणून पुसलं, पेला परत भरला आणि टेबलाला वळसा घालून माझ्या उजव्या हाताशी ठेवला. नीटनेटकी बाई आहे, असं मी मनात म्हटलं.

पुढच्या रविवारी लोणचं सांडलं. त्यावर बायको जे बोलली ते इथं सांगत नाही.

मग आम्ही मैदानावर गेलो. बाईंच्याच शाळेच्या मुली खेळत होत्या. मी बाईंना सेंटरच्या जागी उभं केलं आणि पाच मिनिटं शिट्टी न मारता नुसतं आपल्या हिश्श्याकडं बघायला सांगितलं. चेंडू सगळा वेळ पलीकडं होता. पलीकडं आरडाओरडा, धक्काबुक्की, एकीचा बूट निघून उडाला. बाईंची मान दोनदा तिकडं वळली. दोन्ही वेळा मी खाकरलो.

“काय बघितलंत?”

“सात नंबरच्या डाव्या बुटाची नाडी सुटलीय. अकरा नंबर पोटाला हात लावून पळतेय, जेवून आलीय बहुतेक. चार नंबरनं पाच नंबरला कोपर मारला, पण पाचनं आधी चिमटा काढला होता.”

“चेंडू कुठं होता?”

“माहीत नाही, सर.”

“बास्केट किती झाली?”

“काही कल्पना नाही.”

“जमतंय की हो तुम्हाला!” मी म्हणालो. मला खरंच आनंद झाला.

पण बाईंची खोड मुळातली होती. चार दिवस जमायचं, पाचव्या दिवशी पुन्हा मान तिकडं. म्हणून त्यांच्या शाळेला सुट्टी होती त्या दिवशी मी त्यांना माझ्या मोजणीवर नेलं. दोन भावांचा बांधावरून वाद होता, दोघांची कुटुंबं कोयते-काठ्या घेऊन हजर होती. बाई ट्रॅकसूटमध्ये, गळ्यात शिट्टी.

“ह्या मॅडम कोण?” थोरल्यानं विचारलं.

“वरून आल्यात,” मी म्हणालो.

त्यानं नमस्कार केला. धाकट्यानं त्याहून वाकून केला.

रानाच्या कोपऱ्यात एक कडुनिंब होता. मी बाईंना म्हटलं, “तुमची हद्द तो कडुनिंब. अर्धा तास. इकडं मारामारी झाली तरी बघायचं नाही.”

“झालीच तर, सर?”

“तर तलाठी आहे.”

मी मोजणीची फळी मांडून कामाला लागलो. भाऊ भांडायला लागले, त्यांच्या बायका त्यांच्याहून वरच्या पट्टीत. आज्या, पणज्या, कुणाच्या लग्नात कुणाला पातळ दिलं नाही, सगळं निघालं. बाई कडुनिंबाकडं बघत उभ्या. मध्येच त्या तोंड न वळवता म्हणाल्या, “सर, झेंडी हलली.”

“तुम्हाला काय बघायला सांगितलंय?”

“कडुनिंब.”

“तो हलला?”

“नाही.”

“मग झालं.”

महिन्याभरानं धाकट्याचा तक्रारअर्ज आला. माझ्या डाव्या अंगाला हद्दीची झेंडी होती, ती थोरल्याच्या बायकोनं उपटून दोन पावलं धाकट्याच्या रानात रोवली होती. सगळ्या गावानं बघितलं, मोजणीदारानं तेवढं बघितलं नाही, असं अर्जात लिहिलं होतं. ती मोजणी पुन्हा झाली. पण ते नंतरचं. त्या दिवशी परत येताना मी बाईंना उसाचा रस पाजला आणि म्हणालो, आता तुम्ही तयार आहात.

बाई रस पितापिता म्हणाल्या, “सर, लीडला त्याच्या हद्दीतलं नाहीच दिसलं तर? मध्ये कुणी आलं, काही झालं, तर?”

“नाही होत तसं.”

“झालंच तर?”

“लीड मी आहे,” मी म्हणालो. “बत्तीस वर्षं शिट्टी वाजवतोय. तुम्ही तुमचा कडुनिंब सांभाळा.”

बाईंनी पेला ठेवला. तोही माझ्या उजवीकडं.

उपांत्य सामना शनिवारी सकाळी साताऱ्यात होता. फलटणच्या मुली विरुद्ध वाईच्या मुली. अंतिम सामना रविवारी, आणि मंगळवारी मला पन्नास पूर्ण होणार होती. पन्नाशीला शिट्टी खाली ठेवायची असा नियम होता. म्हणजे रविवारचा माझा शेवटचा सामना. संघटनेनं शाल-नारळ आणून ठेवला होता, थोरवडेच्या फोटो स्टुडिओतून माझा एक मोठा फोटोही काढून झाला होता. मी वरवर कशाला, कशाला म्हणत होतो. आतून मला तो रविवार फार हवा होता. बत्तीस वर्षांत लोकांनी मला आंधळा, गाढव, विकला गेलेला, सगळं म्हणून झालं होतं. एकदा टाळ्या वाजवतील, ऐकून घ्यावं म्हटलं.

निरीक्षक म्हणून पुण्याचे बेहेरेसाहेब आले होते. पातळ माणूस, पातळ आवाज, हातात कागद आणि शाईचं पेन. त्यांनी लिहिलेलं खोडलेलं कुणी बघितलेलं नव्हतं.

सामन्याआधी आम्ही तिघं कोपऱ्यात उभे राहिलो. दोन शिट्ट्या एकदम वाजल्या तर काय, ते मी पुन्हा सांगितलं. नुसती मूठ वर धरायची, एकमेकांकडं बघायचं, ज्याची हद्द त्यानं पुढं जाऊन टेबलाला खूण करायची. दुसऱ्यानं हात खाली घेऊन गप्प बसायचं. आणि मुख्य पंच मी, माझा शब्द शेवटचा.

“बाई, विसरणार नाही ना?”

“नाही, सर.”

“दिसलं तरी?”

“दिसलं नाही,” बाई आणि थोरवडे एकदम म्हणाले. थोरवडेला एका महिन्यात तेवढंच पाठ झालं होतं.

आणि काय सांगू, बाई सुंदर उभ्या राहिल्या. चारपैकी तीन पाळ्या त्या जशा काही आमच्या ओळखीच्याच नव्हत्या. माझ्यासमोर चेंडू असला की त्यांची नजर त्यांच्या हिश्श्यात खिळलेली. त्यांच्या बाजूनं कुणी घुसली तर शिट्टी एकच, छोटी, आणि बरोबर. बेहेरेसाहेबांचं पेन दोनदा चाललं तेव्हा त्यांचा चेहरा बरा होता. मला इतका अभिमान वाटला की काही विचारू नका.

शेवटची पाळी. वाई सत्तेचाळीस, फलटण सेहेचाळीस. अडतीस सेकंद शिल्लक. मी बास्केटखाली रेषेवर. माझ्या उजवीकडून फलटणच्या मुलीनं चेंडू आत फेकला, चेंडू माझ्यासमोरून डावीकडं गेला, आणि मग मला एक आवाज ऐकू आला. लाकडी जमिनीवर गुडघा आपटल्याचा. पाठोपाठ शिट्टी. लांब, खणखणीत, सेंटरकडून.

मी मान वळवली तेव्हा फलटणची नऊ नंबर माझ्यापासून दोन हातांवर पडली होती. माझ्या डाव्या पायाशी म्हटलं तरी चालेल. पलीकडं मुजावर बाई मूठ वर करून उभ्या होत्या.

अख्खं स्टेडियम ओरडायला लागलं. वाईचा प्रशिक्षक खुर्चीवरून उडाला. “ओ बाई! तिथून काय दिसलं तुम्हाला? तो जवळचा पंच गप्प उभाय की!” बेहेरेसाहेबांनी पेनाचं टोपण काढलं.

मी बाईंच्या दिशेनं निघालो. डोक्यात तिडीक गेली होती. महिनाभर मीठ, लोणचं, कडुनिंब, आणि शेवटच्या मिनिटाला हे. मी ती शिट्टी रद्द करायला निघालो होतो, हे खरं सांगतो. दोन हात हलवायचे, फाउल नाही म्हणायचं, झालं. मुख्य पंच मीच होतो.

“माझी हद्द होती ती,” मी ओठ न हलवता म्हणालो.

“हो, सर.” बाईंची मूठ वरच. “तेरा नंबर, वाईची. कमरेनं ढकललं.”

“माझ्यापासून दोन हातांवर—”

“तुमच्या डावीकडं होतं, सर.”

मी थांबलो.

बाई माझ्याकडं न बघता, समोर बघत, हळू आवाजात म्हणाल्या, “तुमची पण शिट्टी वाजली, सर. दोघांची एकदम वाजली. आता तुम्ही टेबलाकडं जा आणि तेरा नंबर दाखवा.”

“बाई—”

“जा ना, सर. सगळे बघतायत.” आणि त्यांनी मूठ खाली घेतली. मी शिकवल्याप्रमाणं हात बाजूला, गप्प.

मी टेबलाकडं गेलो. तेरा दाखवले, कमरेवर हात ठेवून ढकलल्याची खूण केली, दोन मोफत फेकी दिल्या. वाईचा प्रशिक्षक खाली बसला. बत्तीस वर्षांचा पंच म्हणतोय म्हटल्यावर काय बोलणार? नऊ नंबरनं गुडघा चोळत दोन्ही फेकी चुकवल्या. वाई एका गुणानं जिंकली.

सामन्यानंतर बेहेरेसाहेबांनी आम्हाला मागच्या खोलीत बोलावलं. पोहे आले होते. साहेबांनी पोहे बाजूला सारले.

“पिसाळ, पन्नाशीला टेकलात, पण नजर घारीची आहे हो तुमची. त्या गडबडीत कंबर दिसली तुम्हाला! कमाल आहे.”

मी पोह्यांकडं बघितलं.

“थोरवडे, तुम्ही ठीक. पोट कमी करा.” मग ते बाईंकडं वळले. “बाई, एकोणचाळीस मिनिटं तुम्ही मला हवा तसा सेंटर दाखवलात. आणि शेवटी परत तेच. तिसऱ्यांदा तेच! लीड मारतोच आहे शिट्टी, त्याच्या पायाशी झालेला फाउल. तुम्हाला तिकडं बघायचं काय कारण होतं?”

“चूक झाली, सर,” बाई म्हणाल्या.

“वाईट वाटतं मला. वयाचा नियम माहीत आहे ना तुम्हाला?”

“माहीत आहे, सर.”

एवढंच. माझ्याकडं एकदा बघितलंसुद्धा नाही. थोरवडे बुटाच्या नाड्या सोडून परत बांधत होता. साहेबांनी पेन उचललं, कागदावर टेकवलं. मला लाज वाटली. मला ती सहसा वाटत नाही, पंचाला वाटून चालतही नाही. पण तेव्हा अंगभर वाटली.

“साहेब, लिहू नका,” मी म्हणालो.

“का?”

“मी शिट्टी मारलीच नव्हती.”

“म्हणजे? तोंडात होती की तुमच्या.”

“होती. वाजली नाही. एकच वाजली, ती बाईंची.”

“मग टेबलाला तेरा नंबर दाखवलात तो?”

“तो त्यांनी सांगितला. कंबरही त्यांनीच सांगितली.”

साहेबांनी पेन ठेवलं. “मध्ये कुणी खेळाडू आली होती का?”

“कुणी नव्हतं. मोकळं होतं.”

“मग दिसलं का नाही?”

ह्या प्रश्नाची आठ महिने मी वाट चुकवत होतो. मिरजेच्या डॉक्टरांनी नाव सांगितलं होतं, काचबिंदू. डाव्या डोळ्याची बाजू गेली, आणि गेली ती येत नाही, थेंब घालून राहिलेली सांभाळायची. मी थेंबाची बाटली कचेरीच्या खणात ठेवली होती. बायकोलाही सांगितलं नव्हतं.

“डोळा,” मी म्हणालो. “डावा.”

साहेबांनी खुर्ची माझ्यासमोर ओढली. मग म्हणाले, “सरळ माझ्याकडं बघा. काय दिसतंय?”

“तुम्ही. मागं कॅलेंडर. पोहे गार झालेत.”

“आणि बोट?”

“कुठलं बोट?”

थोरवडेनं नाडी सोडून दिली. साहेबांनी आपला उजवा हात खाली घेतला, तेव्हा तो मला दिसला.

“कधीपासून?”

“आठ महिने.”

“आठ महिने,” साहेब म्हणाले. “आणि तीन पंच आणा, तीन पंच आणा म्हणून संघटनेला पत्रं कधीपासून लिहिताय?”

“सात.”

सांगायचं उरलं काय होतं? दोन पंच असले की अर्धं मैदान अंगावर येतं. तीन झाले की तिसरा हिस्सा. तेवढ्यात मी मान फिरवून निभावून नेईन, एवढा एक हंगाम, असा माझा हिशेब. आणि सेंटरला असा माणूस हवा जो माझ्या हिश्श्यात डोकावणार नाही. दोनदा त्याच कारणानं नापास झालेली बाई तिसऱ्यांदा कशी डोकावेल? मन मोठं आहे, असं लोक म्हणाले होते. मी महिनाभर त्यांना घडवलं नव्हतं, माझ्या डाव्या बाजूला पडदा लावत होतो.

“पिसाळ,” साहेबांचा पातळ आवाज आणखी पातळ झाला, “सामना त्या पोरींचा होता हो. तुमचा नव्हता.”

“हो.”

“उद्या येऊ नका.”

“नाही येत.”

“ती शाल आणलीय, त्याचं काय करायचं?”

“थोरवडेला द्या. त्याला थंडी वाजते.”

थोरवडे हसला नाही. साहेबांनी कागद पुढं ओढला. वर त्यांचं ‘लीडच्या हद्दीत’ इथपर्यंत लिहून झालं होतं. ते त्यांनी खोडलं नाहीच. पुढं लिहिलं, ‘लीडला दिसत नसताना मदत केली, योग्य.’ मग बाईंना म्हणाले, “पुस्तकात आहे हे. जोडीदाराला दिसत नसेल तर सेंटरनं शिट्टी मारायचीच. हे तुम्हाला कुणी शिकवलं?”

“सरांनीच,” बाई म्हणाल्या.

मी अजिबात शिकवलं नव्हतं. मी तोंड उघडलं, तर साहेब म्हणाले, “पिसाळ, आता पोहे खा.”

रविवारचा अंतिम सामना बाई आणि थोरवडे अशा दोघांनीच करायचा ठरलं, कारण तीन पंचांची पद्धत येणारा आणखी कुणी जिल्ह्यात नव्हताच. म्हणजे महिनाभर तयारी करून बाईंनी तीन पंचांचा एकच सामना केला, आणि जिल्ह्यातली पद्धत एका दिवसात आली नि गेली. थोरवडे साताऱ्यातच मेव्हण्याकडं राहिला. आम्ही दोघं दुपारच्या एसटीनं कराडला निघालो. बाईंनी खिडकीची जागा घेतली, मी त्यांच्या शेजारी. म्हणजे त्या माझ्या डावीकडं. गाडी स्टँडाबाहेर पडली तरी मला कसं सुरू करावं ते कळेना.

“कधी कळलं तुम्हाला?” शेवटी मी विचारलं.

“पहिल्या रविवारी. पेला.”

“पेला कुणाच्याही हातून सांडतो.”

“मग लोणचं सांडलं, सर. मग झेंडी. ती बाई झेंडी घेऊन तुमच्या डाव्या अंगानंच गेली की.”

“मग बोलला का नाहीत?”

“दुसऱ्याच्या हद्दीतलं दिसलं तरी दिसलं नाही. तुम्हीच शिकवलंत.”

मला हसू आलं नाही, पण यायला हरकत नव्हती. “मग आज काय झालं? दोनदा नापास. समोर बेहेरे पेन घेऊन. एकोणचाळीस मिनिटं गप्प होतात, अजून अडतीस सेकंद गप्प बसला असतात तर आपोआप पास झाला असतात. कशाला मारलीत शिट्टी?”

मी मान पूर्ण वळवून त्यांच्याकडं बघितलं. मी काहीतरी खुळचट विचारलंय असा त्यांचा चेहरा होता.

“पोरगी पडली ना, सर,” त्या म्हणाल्या.

बिल्ला त्यांना मार्चमध्ये मिळाला. मी मोजणी सोडून कचेरीतल्या जुन्या नकाशांच्या खोलीत बदली मागून घेतली, बायकोला सांगितलं, तिनं तीन दिवस अबोला धरला आणि चौथ्या दिवशी माझे थेंब स्वतःच्या ताब्यात घेतले. पण हे सगळं पुढचं. त्या दुपारी गाडीत ऊन येत होतं, आणि माझ्या डाव्या बाजूला खिडकी आहे एवढंच मला माहीत होतं.

“बाई,” मी म्हणालो, “बाहेर काय आहे?”

त्यांनी का म्हणून विचारलं नाही.

“ऊस.”

“आणि?”

“ट्रॅक्टर चाललाय. दोन ट्रॉल्या. मागची जास्त भरलीय, कलंडतेय की काय असं वाटतंय.”

“कलंडली?”

“नाही.”

“मग झालं,” मी म्हणालो. “पुढं?”

बाई सांगत राहिल्या. एक ढाबा, बंद. शाळेची भिंत, नवा रंग. सायकलवरून दोघी, मागचीच्या हातात भोपळा. पार उंब्रज येईपर्यंत त्या सांगत होत्या, आणि मी एकदाही मान वळवली नाही.